उजेडातले गुपित : किनारपट्टी, रहस्यकादंबरी आणि साक्ष

कोकणात पाऊस चार महिने असतो आणि ऊन आठ महिने. मराठी रहस्यकथेतल्या कोकणात मात्र हे प्रमाण उलटे झालेले दिसते. तिथे सदैव आषाढ असतो, वाड्याच्या माजघरात कंदील मिणमिणत असतो आणि मागीलदारच्या विहिरीकडे दिवसाउजेडी सहसा कोणी जात नाही. २०१६ साली दूरचित्रवाणीवर गाजलेल्या, सावंतवाडीकडच्या एका वाड्यात घडणाऱ्या मालिकेच्या नावातच रात्र होती : ‘रात्रीस खेळ चाले’. २०१८ च्या ‘तुंबाड’ या चित्रपटात तर पाऊस हे जवळजवळ एक पात्रच आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या गूढ व भयकथांवर पोसलेल्या वाचकाला यात वावगे वाटत नाही, कारण रहस्याला काळोख लागतो हा संकेत आपण निसर्गनियमासारखा स्वीकारलेला आहे.

हा संकेत कोठून आला, याचा शोध घेऊ लागलो तर वाट कोकणात जात नाही, ती रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांकडे आणि गो. ना. दातारशास्त्री यांनी केलेल्या त्यांच्या रूपांतरांकडे जाते. भुयारे, गुप्त दरवाजे, मशाली यांची ती सामग्री मराठीत इतकी रुळली की पुढे कथाभूमी बदलली तरी प्रकाशयोजना तीच राहिली. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्या काळोखाचा इतिहास हा नाही. उन्हाळ किनाऱ्यावर घडणारी गुन्हेकथा जगाच्या अनेक भाषांत एक समर्थ परंपरा म्हणून उभी राहिली असताना, सातशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा किनारा लाभलेल्या महाराष्ट्राच्या भाषेत ती का निर्माण झाली नाही, असा साधा प्रश्न घेऊन मी निघालो होतो. शोध घेता घेता प्रश्नच बदलला. ती निर्माण झाली आहे, परंतु आपण तिला रहस्यकादंबरी म्हणून ओळखलेले नाही, असे आता मला वाटते.

प्रथम ऊन रहस्याचे काय करते ते पाहू. अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांच्या १९४१ सालच्या ‘ईव्हिल अंडर द सन’ या कादंबरीचे स्थळ इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील एक बेट. तेथे उन्हात पहुडलेल्या देहांकडे पाहून पॉइरोला शवागारातल्या मांडणीची आठवण होते. वरवर तो विनोद आहे. प्रत्यक्षात कादंबरीतली सारी क्लृप्ती त्याच्यावर उभी आहे : उन्हात पालथा पडलेला, उघडा, तांबूस झालेला देह कोणाचा हे लांबून पाहणाऱ्याला सांगता येत नाही. येथे ऊन उघड करत नाही, एकसारखे करते. तरीही ख्रिस्तींचा व्यूह शेवटी काळोखाचाच राहतो. काहीतरी लपवलेले आहे आणि बुद्धिमान माणूस ते शोधून काढील, हा विश्वास अबाधित असतो. त्स्वेतान तोदोरोव यांनी १९६६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिल्याप्रमाणे अशा कादंबरीत दोन कथा असतात. एक गुन्ह्याची, जी घडून गेलेली आणि अनुपस्थित असते. दुसरी शोधाची, जी आपण वाचत असतो. दुसरी पहिलीला हळूहळू हजर करते आणि तेथे कादंबरी संपते.

आता लिओनार्दो शाशा यांच्या १९६१ मधील सिसिलीच्या कादंबरीकडे वळू. तिच्या नावाचा अर्थ ‘घुबडाचा दिवस’ असा होतो. निशाचर पक्षी दिवसाढवळ्या दिसावा, हीच तिची मध्यवर्ती प्रतिमा. गावच्या चौकात सुटण्याच्या बेतात असलेल्या बसकडे धावत येणारा एक माणूस गोळ्या लागून पडतो. पोलीस येईपर्यंत बसमधले उतारू एकेक करून पसार झालेले असतात. चालक-वाहकाला एकही चेहरा आठवत नाही, आणि तेथेच उभा असलेला भजीविक्रेता तर गोळीबार झाला होता काय, असे उलट विचारतो. कोणी मारले हे गावाला ठाऊक आहे. तपास करणाऱ्या उत्तरेकडच्या कॅप्टनलाही ते लवकरच कळते, वाचकालाही कळते. प्रतिष्ठितांनी दिलेल्या भक्कम साक्षींमुळे खटला अखेर कोसळतो. येथे तोदोरोवांची पहिली कथा अनुपस्थित नाहीच. ती चौकात पडलेली आहे. अनुपस्थित आहे ती तिसरीच एक कथा, जिला मी ‘साक्षकथा’ म्हणेन : माहीत असलेले बोलून दाखवण्याची, किंवा न बोलण्याची, कथा.

शोधकथा आणि साक्षकथा हा भेद केला की उन्हातल्या गुन्ह्याचे बरेचसे वाङ्मय निराळे दिसू लागते. कामूच्या ‘परका’ची (१९४२) गणना कोणी रहस्यकादंबरीत करत नाही, आणि ते योग्यही आहे. परंतु अल्जीयर्सच्या किनाऱ्यावर भर उन्हात झालेला तो खून आणि त्यानंतरचा खटला आठवावा. खून कोणी केला याविषयी न्यायालयात दुमत नाही. साक्षी होतात त्या आईच्या मृत्यूनंतर आरोपीने कॉफी घेतली की नाही आणि धूम्रपान केले की नाही, याविषयी. गुन्हा उन्हात लख्ख दिसत असताना समाज साक्ष मात्र भलत्याच गोष्टीची नोंदवून घेतो. पुढे कामिल्लेरी यांच्या माँताल्बानो-कादंबऱ्यांतून (पहिली १९९४) सिसिलीचा किनारा लोकप्रिय वाचनाच्या मध्यभागी आला, आणि तेथेही इन्स्पेक्टरचे अर्धे कौशल्य पुरावा हुडकण्यात नसून माणसांना बोलते करण्यात खर्ची पडते. कॅलिफोर्नियाचा चँडलर या मालिकेत पूर्ण बसत नाही. त्याचे ‘बे सिटी’ हे भ्रष्ट, ऊनभरले किनारी शहर बाहेरून येऊन वसलेल्या, भूतकाळ पुसलेल्या माणसांचे आहे. तिथे कोणी कोणाला ओळखत नाही, म्हणून शोधाला खराखुरा वाव आहे.

हा शेवटचा मुद्दा मराठीच्या दृष्टीने महत्त्वाचा. गुप्तहेरकथेचा मूळ आशय महानगराच्या गर्दीत व्यक्तीच्या खुणा पुसल्या जाण्याशी निगडित आहे, असे वाल्टर बेन्यामिन यांनी बोदलेरच्या संदर्भात म्हटले आहे. मराठी रहस्यकथेचा सुवर्णकाळ तपासला तर याचा प्रत्यय येतो. बाबूराव अर्नाळकर (मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, १९०६–१९९६) यांच्या सहस्राहून अधिक कथांमधले झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू हे मुख्यतः मुंबईचे रहिवासी. वैतरणेच्या मुखाशी असलेल्या अर्नाळ्याचा किनारा ज्याच्या नावातच आहे, त्या लेखकाचे लेखन मात्र ट्रामच्या आणि चाळींच्या शहरात रमले. सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांचे मंदार पटवर्धन, फिरोज इराणी आणि बॅरिस्टर अमर विश्वास हेही नागर नायक. गुरुनाथ नाईक तर मूळचे गोव्याचे; पण ‘गोलंदाज’, ‘शिलेदार’, ‘कॅप्टन दीप’ या मालिकांचा वेग असा की कोणत्याच भूमीवर पाय टेकू नये. या लेखकांना कमी लेखण्याचा येथे मुळीच हेतू नाही. मराठी समीक्षेने त्यांना ‘रंजनपर’ या एका शब्दात निकालात काढले आणि त्यामुळे साध्या वाङ्मयेतिहासाच्या नोंदीही नीट झाल्या नाहीत, हे आपल्या विद्यापीठीय अभ्यासाचे दारिद्र्य आहे. सांगायचे ते इतकेच, की शोधकथा मुंबईतच राहणार होती. वेंगुर्ल्याजवळच्या एखाद्या वाडीत झुंजार पोहोचला असता तर पहिल्याच घरी चहा पिताना त्याला गुन्हेगाराचे नाव कळले असते, आणि न्यायालयात सांगायला एकही माणूस मिळाला नसता.

कोकणातील वाडीचे ज्ञानशास्त्र, असा थोडा जड शब्द वापरतो, हे शोधकथेला प्रतिकूल आहे. घरे विखुरलेली, परंतु पाणंद एकच. कोण कोणाच्या कुंपणापाशी केव्हा दिसला, कोणाच्या आंब्याला या वर्षी कोणी हात लावला, कोणाच्या मुलाचा चेहरा कोणावर गेला, याची नोंद कोणी मुद्दाम न ठेवताही ठेवली जाते. प्रश्न उभा राहतो तो बोलण्याचा. जमीन सामाईक, सातबाऱ्यावर वीस-वीस नावे, त्यांतली निम्मी मुंबईला. भाऊबंदकीचा दावा तीन पिढ्या चालणारा. अशा ठिकाणी खरे बोलणाऱ्याला उद्या त्याच पाणंदीने जायचे असते.

म्हणूनच दक्षिण कोकणाच्या गावऱ्हाटीने बोलण्याची जबाबदारी माणसाकडून काढून देवाकडे सोपवलेली दिसते. ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घातले जाते, पाषाणाला किंवा मूर्तीला फुलांच्या पाकळ्या अथवा तांदूळ लावले जातात आणि डावीकडची पडली की उजवीकडची, यावरून कौल घेतला जातो. चोरी, आजार, हद्दीची भांडणे, घरातली अकस्मात विपत्ती, सगळ्यांसाठी. अभ्यासक याकडे श्रद्धेचा आविष्कार म्हणून पाहतात. मला तो एक कथनव्यूह वाटतो. कौल अज्ञात गोष्ट शोधून काढत नाही. ज्ञात गोष्टीला निनावी वक्ता मिळवून देतो. ‘देवाने सांगितले’ म्हटले की कोणी सांगितले हा प्रश्न उरत नाही. आरवलीच्या वेतोबाला भक्त भल्यामोठ्या चपला अर्पण करतात. रात्री तो गावाच्या रक्षणासाठी फिरतो आणि त्यामुळे त्या झिजतात, ही तेथली प्रसिद्ध श्रद्धा. झिजलेले पादत्राण हा पाश्चात्त्य गुप्तहेरकथेतला नित्याचा दुवा. तिथे तो गुन्हेगाराचा माग देतो, येथे पहारेकऱ्याचा. पुराव्याची वस्तू तीच, तिचे वाचन मात्र उलट.

हा संदर्भ मनात ठेवून चिं. त्र्यं. खानोलकरांकडे परतलो म्हणजे त्यांच्या कादंबऱ्यांविषयी आपण ‘गूढ’, ‘नियती’, ‘आदिम’ हे शब्द किती सैलपणे वापरत आलो ते ध्यानात येते. ‘गणुराया आणि चानी’ (१९७०) मधली चानी पाहा. पुढे १९७७ साली व्ही. शांताराम यांनी तिच्यावर चित्रपट केल्यामुळे कथा बऱ्याच जणांना ठाऊक आहे. मुलीचे केस सोनेरी, कांती गोरी. ती एका गोऱ्याची संतती. आता ‘हिचा बाप कोण?’ हा प्रश्न नेहमीच्या रहस्यकथेत शेवटच्या प्रकरणापर्यंत झाकून ठेवायचा असतो. येथे उत्तर मुलीच्या डोक्यावर आहे आणि उन्हात ते अधिकच चमकते. गावाला शोध घ्यायचा नाही. गावाला हे उत्तर नको आहे, म्हणून ते वागवणाऱ्या देहालाच शिक्षा केली जाते. पुराव्यालाच आरोपी करण्याची ही रीत ज्या कादंबरीच्या गाभ्याशी आहे तिला गुन्हेकथा म्हणायला आपण का कचरतो? तिच्यात पोलीस नाही, एवढेच कारण असेल तर ते पुरेसे नाही.

‘कोंडुरा’ (१९६६) याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरील खडकांतल्या कोंडुऱ्याकडून आपल्याला वर मिळाला आहे, या श्रद्धेने परशुरामतात्या इतरांच्या घरातल्या पापाचा निवाडा करू लागतो. त्याच्या हाती दैवी प्रसाद म्हणून आलेली मुळी हे त्या निवाड्याचे साधन. शोधकथेच्या परिभाषेत बोलायचे तर तात्या हा चुकलेला गुप्तहेर आहे. तो खुणा वाचतो, अनुमान काढतो आणि अनुमानालाच साक्षात्कार समजतो. पॉइरोचे अनुमान चुकले तर वाचकाची निराशा होते. तात्याचे चुकते तेव्हा त्याची किंमत दुसऱ्याच कोणाला मोजावी लागते. शोधकाच्या अधिकारावर इतका मूलगामी संशय घेणारी दुसरी मराठी कादंबरी मला सुचत नाही. हे सारे ‘नियतीच्या खेळा’त ढकलून दिले की हा संशय नाहीसा होतो, आणि आपण नेमके तेच केले.

श्री. ना. पेंडसे यांच्या संदर्भात अडचण वेगळी आहे. ‘प्रादेशिक’ हे लेबल त्यांना इतके घट्ट चिकटले की त्यांच्या कथनातील अपराधाचे स्थान कोणी मोजलेच नाही. जगबुडीच्या काठावर चार पिढ्या पसरलेली ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) ही एका अर्थी मालकीची कादंबरी आहे, आणि खोती ही मुळात कागदाची सत्ता. सारा कोण वसूल करतो, कूळ कोण आणि मालक कोण, हे ज्याच्या दप्तरात, त्याच्या हाती गाव. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून काही वर्षे शेते न पिकवता संप केला. कायदा झाला तो १९४९ साली. या इतिहासात किती गुन्हे ‘व्यवहार’ या नावाखाली झाले असतील, ते पेंडशांचा निवेदक जाणतो. तो गावाइतकेच जाणतो आणि गावाइतक्याच शांतपणे सांगतो. माझी तक्रार या शांतपणाविषयी आहे. साक्ष देण्याचा ताण निवेदकाच्या अंगावर पडत नाही, कारण तो वाडीत राहत नाही. पेंडशांच्या थोरवीला यामुळे बाध येत नसला, तरी साक्षकथा म्हणून त्यांची कादंबरी खानोलकरांच्या मागे राहते, असे माझे मत आहे.

येथपर्यंतचे विवेचन वाङ्मयापुरते. प्रत्यक्ष किनारा दरम्यान थांबलेला नव्हता. जानेवारी १९९३ मध्ये दिघीला आणि फेब्रुवारीत शेखाडीला जो माल उतरला, त्यातून १२ मार्चचे मुंबईतले स्फोट घडले आणि २५७ माणसे मेली. खटल्याच्या निकालपत्रांत या उतरवणीचा जो तपशील येतो तो कोणत्याही कादंबरीकाराने हेवा करावा असा आहे. गोंडघर फाट्यावर पोलिसांनी ट्रक अडवले. लाचेची रक्कम ठरली. ती रोख जवळ नव्हती म्हणून तारण म्हणून चांदीच्या विटा ठेवून घेण्यात आल्या आणि ट्रक पुढे गेले. तारण या शब्दापाशी थबकायला होते. सावकारीतला, खोतीतला, रोजच्या व्यवहारातला हा शब्द. उतरवणी रात्री झाली खरी, परंतु तिला आवश्यक असलेले मौन दिवसा, वर्षानुवर्षे, सोन्या-चांदीच्या तस्करीच्या काळापासून तयार झालेले होते. या घटनेवर वृत्तकथा झाल्या, चित्रपट झाले. त्यांत मुंबई आहे, टोळ्या आहेत. फाट्यावरचा तो ट्रक जाताना पाहिलेल्या गावाची कादंबरी मराठीत नाही.

किंवा अगदी अलीकडचे. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी राजापूरजवळ पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला भर दुपारी गाडीने धडक दिली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पासंबंधीची त्यांची बातमी त्याच सकाळी प्रसिद्ध झाली होती. जिच्याविषयी ती बातमी होती त्याच व्यक्तीला पोलिसांनी अटक करून खुनाचा गुन्हा नोंदवला. या घटनेत ‘कोण’ हे रहस्य नाही, ‘का’ हेही नाही. तरीही तिला कादंबरीचा आशय व्हायचे असेल तर तिचा रूपबंध कोणता, हे आज कोणी विचारले तर मराठी समीक्षेजवळ उत्तर नाही. शोधकथा येथे निरुपयोगी, आणि ‘सामाजिक कादंबरी’ ही संज्ञा इतकी ढोबळ की तिने काहीच सांगितल्यासारखे होत नाही.

गोव्याकडे वळले की चित्र पुन्हा बदलते. तेथे ऊन हाच उद्योग आहे आणि अनोळखी माणूस ही रोजची वस्तुस्थिती. ६ एप्रिल १९८६ रोजी पर्वरीच्या एका प्रसिद्ध उपाहारगृहात मुंबई पोलीस दलातील मधुकर झेंडे यांनी चार्ल्स शोभराजला पकडले. अनेक देशांना हवा असलेला हा माणूस चारचौघांत जेवायला येऊन बसला होता. परके असणे हेच जेथे सामान्य, तेथे लपण्यासाठी उजेडासारखी जागा नाही. ख्रिस्तींच्या बेटाचेच हे तत्त्व. या पकडीवर २०२५ साली चिन्मय मांडलेकर यांनी चित्रपट केला तो विनोदी अंगाने, ही गोष्टही बोलकी आहे. उन्हातला गुन्हा गंभीरपणे कसा सांगावा हे अजून आपल्याला उमगलेले नाही.

अपवाद म्हणून एका चित्रपटाचा उल्लेख करणे भाग आहे. मूळ मल्याळम ‘दृश्यम’ (२०१३) केरळच्या डोंगराळ भागात घडतो. निशिकांत कामत यांनी २०१५ साली त्याचे हिंदी रूप गोव्यात आणले. चौथीपर्यंत शिकलेला केबलचालक विजय साळगावकर २ आणि ३ ऑक्टोबर या दोन दिवसांची अदलाबदल लोकांच्या स्मरणात घडवून आणतो. साक्षीदार खोटे बोलत नाहीत. वाहक, खानावळवाला, लॉजवाला, प्रत्येक जण त्याला जे खरोखर आठवते तेच सांगतो. आणि प्रेत पुरलेले असते ते बांधकाम चालू असलेल्या पोलीस ठाण्याच्या जमिनीखाली. शाशाच्या कादंबरीत लोक जाणूनबुजून कानांवर हात ठेवतात. येथे ते मोकळेपणाने बोलतात आणि त्यांचे बोलणेच सत्यावरचे झाकण होते. साक्षकथेची ही सर्वांत चतुर रचना. मात्र तिच्यात गोवा जवळजवळ पाटीपुरताच उरतो, ही उणीव दुर्लक्षिता येत नाही. भाषेत, जमिनीच्या संबंधांत, देवळात-इगर्जीत तो भिनलेला नाही. म्हणूनच ही कथा इतक्या सहज एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलवता आली.

येथे एक आक्षेप संभवतो. पोलीस नसलेल्या, शोध नसलेल्या, गुन्हेगार आरंभीच ठाऊक असलेल्या कथनांना गुन्हेकादंबरीत ओढून आणले तर हा वाङ्मयप्रकार इतका पसरेल की त्याला सीमाच उरणार नाही. आक्षेप रास्त आहे. म्हणून मी एक मर्यादा घालतो. ज्या कथनात एखादे अपकृत्य समूहाला ज्ञात आहे, ते उच्चारण्याला किंमत आहे, आणि ती किंमत कोण मोजणार या प्रश्नावर कथनाचा ताण उभा आहे, तीच साक्षकथा. या कसोटीला ‘चानी’ उतरते. पेंडशांचे बरेचसे लेखन उतरत नाही. ‘रात्रीस खेळ चाले’ अर्धवट उतरते : अण्णा नाईकांच्या मृत्यूनंतर वाड्यात जमलेल्या कुटुंबाची ती मूलतः वारसाहक्काची कहाणी, जिच्यावर भुताखेतांचे पांघरूण घातले गेले. मालिकेतून कोकणाची बदनामी होते, असा आक्षेप त्या वेळी घेतला गेला तो अंधश्रद्धेच्या मुद्द्यावर. सातबाऱ्यावरून कोणाला काही टोचल्याचे ऐकिवात नाही. भूत सोयीचे असते. कौलाप्रमाणे तेही बोलण्याची जबाबदारी स्वतःवर घेते.

राहता राहिला भाषेचा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीने सर्वाधिक काम येथेच पडले आहे. कामिल्लेरींनी सिसिलीची बोली आणि प्रमाण इटालियन यांचे जे मिश्रण केले ते स्थानिक रंगासाठी नव्हते. माणूस केव्हा बोलीत बोलतो आणि केव्हा सरकारी भाषेत शिरतो, हाच त्यांच्या तपासातला दुवा असतो. मराठीत याची सामग्री तयार आहे, ती पोलीस ठाण्याच्या दप्तरात. मालवणीत बोलणाऱ्या बाईचा जबाब लिहिला जातो तेव्हा तिच्या तोंडी ‘सदर इसम’, ‘मौजे’, ‘समक्ष’, ‘हकीकत अशी की’ हे शब्द येतात. ती म्हणते एक वाक्य, अर्धे गिळलेले, शेजारणीकडे पाहत. कागदावर येते ते कर्ता-कर्म-क्रियापद जागच्या जागी असलेले निवेदन, आणि खाली ‘वाचून दाखवला, बरोबर आहे’ म्हणून अंगठा. गिळलेला अर्धा भाग हीच खरी साक्ष होती. बोली आणि जबाब यांच्यातली ही फट जो कादंबरीकार ओळखेल त्याला भुयार आणि गुप्त दरवाजा यांची गरज पडणार नाही. आपली रहस्यकथा आजवर प्रमाण मराठीत बोलत आली आणि आपली प्रादेशिक कादंबरी बोलीत. दोन्ही भाषा एकाच टेबलावर, एका शिपायाच्या आणि एका साक्षीदाराच्या मध्ये, समोरासमोर आल्या असे क्वचितच झाले.

समुद्रापासून इतक्या दूर, परभणीत बसून हे लिहिण्याचे औचित्य काय, असे कोणी विचारील. आमच्याकडे ऊन हे दृश्य नसते, ते हवामान असते. मे महिन्यात दुपारी बारा ते चार गावाची दारे लागलेली असतात, रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही; गोदाकाठी दुपार हीच खरी मध्यरात्र. त्यामुळे उन्हातल्या मौनाची ओळख आम्हाला पुस्तकातून करून घ्यावी लागत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीने अर्नाळकर आणि खानोलकर यांचा एकत्र अभ्यास करण्याचा प्रस्ताव संशोधनासाठी मांडला. ‘दोघांत साम्य काय?’ असा प्रश्न विषय ठरवणाऱ्यांनी केला आणि प्रस्ताव परत आला. शेवटी तिने ग्रामीण कवितेतील निसर्ग हा विषय घेतला. तिचा प्रश्न मात्र माझ्याजवळ राहिला. सर, एकाकडे गुप्तहेर आहे आणि गाव नाही, दुसऱ्याकडे गाव आहे आणि गुप्तहेर नाही, असे का? प्रस्तुत लेख हे तिला दिलेले उशिराचे उत्तर आहे, आणि ते अपुरे आहे याची जाणीव मला आहे. परभणीच्या बी. रघुनाथांनी आपल्या एका कादंबरीला ‘जगाला कळले पाहिजे’ असे नाव दिले होते. त्या नावातला ‘पाहिजे’ हा शब्द मला या संदर्भात वारंवार आठवत राहिला. कळणे आणि कळायला हवे असणे यांतले अंतर सिसिलीच्या चौकापासून शेखाडीच्या वाळूपर्यंत सारखेच आहे.

त्या विद्यार्थिनीने प्रस्तावासोबत एका जुन्या खटल्यातील पंचनाम्याची प्रत जोडली होती. पंचनाम्याच्या शेवटी, वेळेच्या नोंदीबरोबर, तो कोणत्या उजेडात केला हेही लिहिण्याची रीत आहे : विजेच्या दिव्याच्या, बॅटरीच्या, अथवा अन्य. त्या प्रतीत ‘सूर्यप्रकाशात’ असे लिहिलेले होते, आणि खाली दोन पंचांच्या सह्या होत्या. पुढे न्यायालयात दोन्ही पंच उलटले होते.